पोथ्यांसाठीं उभारलेला मनोरा

चीनमधील शिआन नगराच्या दक्षिण भागांत विटांचा एक सात मजली मनोरा उभा आहे. त्याची उंची सुमारें ६४ मीटर असून ‘थोरला रानहंस मनोरा’ या अर्थाच्या नांवानें तो ओळखला जातो. आंतील लांकडी जिन्यानें वर गेलेल्या प्रवाशास चारी बाजूंच्या कमानींतून नगराचा विस्तार दिसतो. परंतु हा मनोरा शोभेसाठीं किंवा टेहळणीसाठीं बांधलेला नव्हता. तो पोथ्यांसाठीं होता.

शिआन म्हणजे तांग राजवटीची राजधानी चांगआन. हिंदुस्थानांत नालंदेस अध्ययन करून आणि पुलकेशीच्या महाराष्ट्रांतहि हिंडून ह्यूएनत्संग हा भिक्षु इ. स. ६४५ मध्यें येथें परतला. त्यानें ६५७ ग्रंथ आणले होते. वाटेंत सिंधु नदी ओलांडतांना नाव हेलकावून पन्नास पोथ्या पाण्यांत गेल्या. तेव्हां मुक्काम लांबवून त्यानें माणसें पाठविलीं व उद्यान देशांतून नव्या प्रती करवून घेतल्या.

जें पाण्यानें केलें तें पुढें आगीनें करूं नये, ही त्याची चिंता होती. त्यानें दगडी मनोऱ्याची परवानगी मागितली. सम्राट काओत्सुंगानें विटांचा सुचविला. इ. स. ६५२ मध्यें काम सुरू झालें, तेव्हां भिक्षूनें स्वतः टोपल्यांतून विटा वाहिल्या. त्या पांच मजली मनोऱ्याचा गाभा मातीचा होता. पन्नास वर्षांतच तो ढासळला. सम्राज्ञी वू हिनें इ. स. ७०१ ते ७०४ या काळांत तो पुन्हां बांधविला. इ. स. १५५६ च्या भूकंपाचा धक्काहि त्यानें सोसला आणि मिंग काळांत त्याची पुन्हां दुरुस्ती झाली.

मनोरा तरला, पण त्या पोथ्या आज तेथें नाहींत. ग्रंथ वांचले ते दुसऱ्याच उपायानें. इ. स. ६६४ मध्यें मृत्यु येईपर्यंत ह्यूएनत्संगानें पाऊणशें ग्रंथांचें चिनी भाषांतर केलें. त्यांपैकीं ‘महाविभाषा’ या विशाल ग्रंथाचें संस्कृत मूळ लुप्त झालें आहे. चिनी भाषेंत मात्र त्याचे दोनशें खंड शाबूत आहेत.

मनोऱ्याच्या पायथ्याशीं, दक्षिणद्वाराच्या दोन्ही बाजूंस इ. स. ६५३ मधील दोन शिलालेख आहेत. त्यांतील एक म्हणजे सम्राट ताइत्सुंगानें या भाषांतरांस लिहिलेली प्रस्तावना होय. आंत शिरणाऱ्यास ती प्रथम भेटते. वरचे मजले मागाहून.