एकात्मिक शेतीपद्धतीची प्रदेशनिहाय नफाक्षमता

पीक, पशुपालन, मत्स्यपालन, फळबाग या परस्परपूरक घटकांच्या एकत्रित शेतीतील उत्पन्न व खर्चाची निरनिराळ्या कृषिहवामान प्रदेशांत केलेली तुलना (→ मिश्र शेती). नियोजन आयोगाने १९८८ च्या सुमारास देशाचे १५ कृषिहवामान प्रदेश पाडल्यावर या तुलनेला चौकट मिळाली. दर हेक्टरी निव्वळ उत्पन्न, लाभ-खर्च गुणोत्तर व रोजगाराचे मनुष्यदिवस ही मापके. गोठ्यातील शेण बायोगॅस संयंत्रात व तेथील स्लरी शेतात गेल्यास तिचे मूल्य खतखर्चातील बचत म्हणून धरतात. घरच्या मजुरीला चालू दर न लावल्यास नफा फुगलेला दिसतो. कोकणात भात-नारळ-कुक्कुटपालन, कोरडवाहू विदर्भात कापूस-तूर-शेळीपालन, केरळच्या कुट्टनाडमध्ये भात-मासे-बदके असे संयोग आढळतात. संयोग असे प्रदेशागणिक बदलत असल्यामुळे केवळ रुपयांची तुलना अपुरी ठरते. पाऊस, सिंचन, बाजारपेठेचे अंतर व जोखीमही विचारात घ्यावी लागते (→ कोरडवाहू शेती).