मोठं व्हायला नकार देणारी पेशी

१९९२. तुम्ही हार्वर्डमधल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला आहात. समोर जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा कृमी वळवळतो आहे. त्याच्या पोटात अंडी साचली आहेत, पण ती बाहेर टाकणारा अवयवच झालेला नाही. लिन-४ हे जनुक बिघडल्यामुळे त्याच्या पेशी बालपणाचा पहिला धडा पुन्हा पुन्हा गिरवत राहतात. अंग वाढलं, पेशी मोठ्या झाल्याच नाहीत.

तुमच्या बाजूला संशोधक व्हिक्टर ॲम्ब्रोस फोनवर आहेत. पलीकडे गॅरी रव्कुन. एकाकडे लिन-४ मधून निघालेला आरएनएचा तुकडा आहे, अवघ्या २२ अक्षरांचा, ज्यातून कुठलंच प्रथिन बनत नाही. दुसऱ्याकडे लिन-१४ जनुकाचा लांबलचक संदेश. दोघं अक्षरं वाचून दाखवतात आणि ती जुळतात! तो इवलासा तुकडा संदेशाच्या शेपटीला जाऊन चिकटतो आणि प्रथिन बनणं थांबवतो. 'आता बालपण पुरे' असं पेशीला सांगणारा हा आवाज. पुढच्या वर्षी शोध छापून येतो, पण फारसं कुणी लक्ष देत नाही. २०२४ मध्ये याच शोधाला नोबेल मिळणार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही.

आता २००४. टोरांटोत शीला सिंग आणि पीटर डर्क्स यांच्या चमूने माणसाच्या मेंदूतल्या गाठीतून पेशी वेगळ्या केल्या आहेत. सीडी१३३ ही खूण असलेल्या फक्त १०० पेशी उंदराच्या मेंदूत सोडल्या, तर गाठ उगवते. खूण नसलेल्या एक लाख सोडल्या, तरी उगवत नाही. गाठीची मुळं त्या मूठभर मूळपेशींत आहेत. शस्त्रक्रियेनंतर त्यातल्या थोड्या जरी मागे राहिल्या, तरी पुरे.

आणखी चार वर्षं पुढे या. ओहायोतल्या संशोधकांना दिसतं, की लिन-४ च्या तुकड्यासारखाच इवलासा मायक्रोआरएनए-१२८ निरोगी मेंदूत भरपूर असतो, पण ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीत आटलेला असतो. मूळपेशीला मूळपेशीच ठेवणाऱ्या बीएमआय-१ या प्रथिनाला तोच आवर घालतो. तो परत दिला, की पेशींची स्वतःसारख्याच पेशी घडवत राहण्याची ताकद घटते. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत १२४ आणि १३७ क्रमांकाचे तुकडे दिल्यावर गाठीतल्या मूळपेशी चेतापेशींसारख्या दिसू लागतात. कृमीत दिसलं तेच हे. या पेशींना कुणीतरी मोठं व्हायला सांगायला हवं होतं.

इथे थांबावंसं वाटतं, पण थांबू नका. बशीतल्या पेशींना तुकडा देणं सोपं. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ओलांडून तो रुग्णाच्या मेंदूत पोहोचवणं फार अवघड. इतर कर्करोगांसाठी मायक्रोआरएनए-३४ ची चाचणी झाली, ती रुग्णांच्या प्रतिकारशक्तीच्या गंभीर प्रतिक्रियांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली.

परत आजच्या वॉर्डात या. ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णाला आजही मुख्यतः शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हेच मिळतं. २००५ च्या चाचणीत किरणोपचाराला हे औषध जोडल्यावर मध्यक आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेलं. अडीच महिने.