साखळीने मोजलेला लोहमार्ग

बोरीबंदर ते ठाणे ही 34 किलोमीटरची वाट 16 एप्रिल 1853 रोजी आगगाडीने कापली. त्याआधी ती माणसांनी पायी मोजली होती. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना 1843 मध्ये भांडुपला गेले असताना या मार्गाची कल्पना सुचली. पुढे जेम्स जॉन बर्कली यांनी ती प्रत्यक्षात आणली.

मोजणीची साधने साधीच. गंटरची लोखंडी साखळी 66 फुटांची, तिला 100 कड्या. अशा 80 साखळ्यांचा एक मैल. एकाने टोक धरायचे, दुसऱ्याने ताण देऊन खुंटी ठोकायची, मग साखळी पुढे. थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून कोन घ्यायचा, पातळीयंत्राने चढ-उतार. ऊन वाढले की लोखंड प्रसरण पावे आणि मापात चूक शिरे. साखळी ओढणाऱ्या या गड्यांची नावे इतिहासात सहसा सापडत नाहीत, ही मोठीच उणीव आहे.

ठाण्यापुढे खाडी आणि पारसिकचा डोंगर आडवा आला. पूल बांधून, बोगदे खोदून 1 मे 1854 रोजी गाडी कल्याणला पोहोचली. तिथून मार्गाला दोन फाटे फुटले: एक थळ घाटाकडे, दुसरा बोरघाटाकडे. खरी कसोटी तिथेच होती, कारण इंजिनाला झेपेल असा उतार सह्याद्रीत शोधायचा होता. अखेर दोन्ही घाटांत सर्वांत तीव्र चढ 37 फुटांस 1 फूट ठरला. बोरघाटाचा मार्ग 1863 मध्ये खुला झाला. त्याची लांबी नोंदवली गेली ती 15 मैल 68 साखळ्या.