‘लोफोटेन’ : यारीची बोट

नॉर्वेच्या किनाऱ्याने बर्गन ते किर्केनेस या ३४ बंदरांच्या मार्गावर धावलेली ‘लोफोटेन’ ही प्रवासी बोट १९६४ साली ओस्लोच्या आकर्स गोदीत बांधली गेली. लांबी सुमारे ८७ मीटर. पुढे मोटारी थेट पोटात घेणाऱ्या बोटी आल्या, तरी हिच्यावर माल यारीनेच चढे-उतरे. वेळोवेळी नूतनीकरण झाले; मूळ इंजिन व लाकडी दालने मात्र राखली गेली. उपाहारगृह होते, पण काही खोल्यांना स्वतंत्र स्नानगृह नव्हते. डोलणे आवरणारे पंखही नसल्याने वादळात उतारूंची कसोटी लागे. या जुनेपणामुळेच २००१ मध्ये तिला संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला. २०२०-२१ च्या हिवाळ्यात तिची प्रवासी सेवा संपली. त्यानंतर ती प्रशिक्षणनौका झाली.