एरंडेल, खनिज तेल आणि वेगाच्या नौका

एरंडाला मराठी भाषेनें फारसा मान दिलेला नाहीं. ओसाड गांवीं बळी ठरणारें झाड म्हणून तें म्हणींत आलें, आणि ज्या बोलण्यांतून रस निघत नाहीं त्याला एरंडाचें गुऱ्हाळ म्हणण्याचा प्रघात पडला. घरांत त्याच्या तेलाची आठवण व्हावयाची ती मुलाचें पोट बिघडल्यावर, आणि घराबाहेर बैलगाडीच्या आंसाला वंगण घालतांना. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं जगांतील अत्यंत वेगवान यंत्रें ज्या तेलावर चाललीं, त्यांत आंसाचें हेंच तेल अग्रभागीं होतें. पुढें त्याला मागें सरावें लागलें तें ज्या गुणासाठीं त्याची निवड झाली होती त्याच गुणामुळें.

चार्ल्स चीअर्स वेकफील्ड या इंग्रज व्यापाऱ्यानें १८९९ सालीं लंडनमध्यें वंगणाचा स्वतंत्र धंदा सुरू केला. मोटारी व विमानें नवीं होतीं, आणि आगगाडीच्या वाफेच्या यंत्राला चालणारें तेल त्यांच्या उष्णतेपुढें टिकेना. तेव्हां खनिज तेलांत एरंडेल मिसळून त्यानें नवें वंगण बाजारांत आणलें आणि १९०९ सालीं त्याला ‘कॅस्ट्रॉल’ हें नांव दिलें. एरंडेलाच्या इंग्रजी नांवांतूनच तें घडलेलें आहे.

एरंडेलांत असें काय होतें? बहुतेक तेलें तापलीं कीं पाण्यासारखीं पातळ होतात. एरंडेल तापल्यावरही आपला दाटपणा बराच राखतें. शिवाय त्याच्या रेणूची घडण अशी आहे कीं तें धातूला घट्ट धरून राहतें. दट्ट्या आणि नळकांडें यांच्यामधील तेलाचा पापुद्रा सहजासहजीं फाटत नाहीं. तिसरा विशेष असा कीं तें मद्यार्कांत विरघळतें, पण पेट्रोलशीं त्याचें फारसें जमत नाहीं. पहिल्या महायुद्धांतील पुष्कळ विमानांचीं इंजिनें पंख्यासह सबंध गरगर फिरत, आणि त्यांच्या पोटांतून पेट्रोलची वाफ जाई. खनिज तेल त्या वाफेनें धुऊन निघे, एरंडेल टिके. जळून उरलेलें तेल मात्र हवेंत उडे आणि वैमानिकाच्या नाकातोंडांत जाई. त्याचा परिणाम काय होत असेल तें मराठी घरांतील आयांना सांगावयास नको.

दोष होता तो याच चिकटपणाचा. हवा व उष्णता लागून एरंडेलाचा हळूहळू राळेसारखा थर बनतो, आणि मग दट्ट्याच्या कड्या खोबणींत अडकून बसतात. ज्या इंजिनाचे भाग दर कांहीं तासांनीं सुटे करून घासले जातात त्याला याची फिकीर नसते. जें महिनेन्‌महिने चालावयाचें त्याचा मात्र यानें घात होतो. दुसरी अडचण पुरवठ्याची. एरंडीचा मोठा पुरवठा तेव्हां हिंदुस्थानांतून होई, आणि युद्धकाळीं समुद्रमार्ग बेभरवशाचे झाले होते. अमेरिकेनें आपल्याकडेही एरंडी लावून पाहिली. पण आपल्या ‘लिबर्टी’ नांवाच्या मोठ्या विमानी इंजिनासाठीं तिनें शुद्ध केलेलें खनिज तेल वापरात आणलें.

युद्ध संपल्यावर हीं लिबर्टी इंजिनें शिल्लक पडलीं, आणि येथून नौकांची कथा सुरू होते. गार वुड या अमेरिकन उद्योगपतीनें तशीं दोन इंजिनें ‘मिस अमेरिका’ या नौकेंत बसविलीं आणि १९२० सालीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील काऊज येथें हार्म्सवर्थ चषक जिंकला. विमानाचें इंजिन पाण्यावर आलें. परंतु पाण्यावरचें त्याचें जिणें निराळें. मोटारीला उतार लागतो, विमानही वर चढल्यावर थोडा दम घेतें. नौकेला उतार म्हणून नसतो. ती सदैव चढावर असल्यासारखी पाणी रेटीत राहते. लाटेवरून उसळून तिचा पंखा क्षणभर पाण्याबाहेर आला कीं इंजिनावरचा भार एकदम जातो आणि त्याचे फेरे भलतेच वाढतात. पंखा पुन्हां पाण्यांत शिरतांच तेवढाच जबर झटका सर्व दांत्यांना बसतो. आणखी एक विपरीत गोष्ट अशी कीं सरोवराचें थंड पाणी थेट खेळविलेलें इंजिन पूर्ण भारावरही पुरेसें गरम होत नाहीं. मग आंतल्या बाष्पाचें पाणी होऊन तेलांत उतरतें आणि तळाशीं गाळ जमतो. दट्ट्यापाशीं अतिउष्ण व तळाशीं थंड, अशा दोन हवामानांत एकाच तेलाला नांदावें लागतें.

वेकफील्ड यांनीं इंग्लंडच्या बाजूनें गार वुडला आव्हान देण्यासाठीं सढळ हातानें पैसा दिला. त्यांच्या ‘मिस इंग्लंड’ नौकेंतून सर हेन्री सेग्रेव्ह यांनीं १९२९ सालीं मायामी येथें गार वुडला हरविलें. पुढील वर्षीं ‘मिस इंग्लंड दुसरी’ तयार झाली. तिच्यांत रोल्स-रॉईसचीं दोन ‘आर’ इंजिनें होतीं. दोन्ही मिळून साडेतीन हजारांहून अधिक अश्वशक्ति. हें इंजिन मूळचें शर्यतीच्या विमानाचें. पूर्ण वेगानें तासभर टिकलें तर त्याची परीक्षा उतरली असें मानीत. त्या विमानांत तापलेलें तेल विमानाच्या दोन्ही कुशींवरून आणि शेपटींतून फिरवून थंड केलें जाई. तेल म्हणजे केवळ घर्षणावरचा उतारा नव्हे, उष्णता वाहून नेणारा तो हमालही आहे, हें त्यावरून कळतें. १३ जून १९३० रोजीं विंडरमिअर सरोवरावर या नौकेनें दोन फेऱ्यांत ताशीं सरासरी ९८.७६ मैलांचा विक्रम केला. तिसऱ्या फेरींत ती उलटली. पाण्यावर तरंगणारा ओंडका आदळला असावा असा तर्क आहे. रोल्स-रॉईसचा यंत्रज्ञ हॅलिवेल बुडाला आणि सेग्रेव्ह कांहीं तासांनीं मरण पावले. दुरुस्त केलेल्या त्याच नौकेंतून के डॉन यांनीं १९३१ सालीं ताशीं १०० मैलांची मर्यादा मागें टाकली. गार वुडनें १९३२ च्या सप्टेंबरांत १२४ मैलांपलीकडे मजल मारली.

अशा विक्रमांवर तेलाच्या जाहिराती रचल्या गेल्या, आणि गिऱ्हाइकाची गल्लत झाली ती येथें. विक्रमी नौकेला तेल हवें तें कांहीं मिनिटांपुरतें. मासेमाऱ्याच्या किंवा हौशी नाविकाच्या मोटारबोटीला तें सबंध हंगामभर पुरावें लागतें. एकाच्या दृष्टीनें जें अमृत तें दुसऱ्याच्या इंजिनांत राळ होऊन बसावयाचें. तेल किती वेगानें चाललें हें जाहिरातींत असे. किती तास चाललें हें क्वचितच.

दंतचक्रांचा प्रश्न तर अगदींच वेगळा. ‘मिस इंग्लंड दुसरी’चा एकुलता एक पंखा इंजिनाहून कितीतरी अधिक वेगानें फिरे, आणि ती सर्व शक्ति दांत्यांवरून जाई. इतक्या जलद फिरणाऱ्या चक्रांना दाट तेलांत बुडवून ठेवलें तर तेल घुसळूनच तापतें. तेथें पातळ तेलाचा फवारा नेमका दांत्यांच्या मिलनस्थानीं मारणें बरें. उलट ज्या चक्रांचे दांते एकमेकांवर घसरत दाबले जातात तेथें कोणत्याही तेलाचा पापुद्रा पिळून निघतो. पॅकार्ड कंपनीनें १९२६ सालीं मोटारींत अशीं चक्रें आणलीं, तेव्हां तेलांत गंधकाचीं द्रव्यें घालण्याची पद्धति वाढीस लागली. दांता तापला कीं गंधक लोखंडाशीं संयोग पावून पातळ कवच बनवितो. झिजतें तें कवच, दांता वांचतो. पण हेंच गंधक उष्णतेंत पितळेच्या व कांशाच्या भागांना खातें. म्हणून दंतचक्रांचें तेल इंजिनांत घालणें हा शहाणपणा नव्हे. आंकड्यांनींही फसगत होते: दंतचक्राच्या तेलावरील ९० हा आंकडा इंजिनतेलाच्या आंकड्यांपेक्षां वेगळ्या मोजपट्टीवरचा असून त्याचा दाटपणा इंजिनाच्या ४० ते ५० आंकड्यांच्या तेलाइतकाच असतो.

१९०९ सालीं ओले एव्हिन्रूडनें नौकेच्या मागें टांगावयाचें इंजिन विक्रीस काढलें, आणि दंतचक्रांची पेटी कायमची पाण्याखालीं गेली. या जातीच्या जुन्या इंजिनांत तेल पेट्रोलमध्येंच मिसळून जळतें. म्हणून त्यांत धातूची राख उरतां कामा नये, नाहींतर ठिणगी पाडणारा प्लग बुजतो. आजच्या तेलाच्या डब्यावरील ‘टीसी-डब्ल्यू३’ ही खूण अशा राखविरहित तेलाची, आणि ‘एफसी-डब्ल्यू’ ही चार फेऱ्यांच्या नौका-इंजिनासाठीं गंजापासून राखणाऱ्या तेलाची. खालच्या पेटीचें तेल मात्र निराळेंच. थोडें पाणी शिरलें तरी दांत्यांना सांभाळून घेणें हें त्याचें काम. हंगाम संपला कीं त्या पेटीचा तळचा स्क्रू सोडतात. पाणी जड असल्यामुळें तें आधीं ठिबकतें, मागून तेल येतें. तें दुधाळ दिसलें कीं दांड्याभोंवतींची रबरी कडी गेली असें समजून ती बदलतात, आणि नवें तेल वरून न ओततां खालच्याच भोंकांतून चढवितात, म्हणजे आंतली हवा वरच्या भोंकावाटे निघून जाते.