दूरचे जवळ आणणारे भिंग

लासूर स्टेशनहून वेरूळ काही फार दूर नाही. तिथली लेणी मेजर रॉबर्ट गिल यांनी कॅमेऱ्यात टिपली. ती छायाचित्रे 1864 साली पुस्तकरूपाने निघाली. त्या काळी भिंगाची नजर एकच. खांब मोठा दिसायला हवा, तर सारा सरंजाम उचलून पुढं जायचं!

1959 साली फोग्टलेंडरचे ‘झूमर’ आले : एसएलआर कॅमेऱ्याचे पहिले झूम, 36 ते 82 मिलिमीटरचे. पाय जागीच, अन् चित्र मोठे.

आज शाळेच्या डिजिटल एसएलआरला स्वस्त झूम घ्यायचे, तर गुरुजी, आधी जोड पाहा. कॅननचे भिंग निकॉनला बसत नाही. झाडावरच्या पाखरांसाठी कॅननचे 55-250 किंवा निकॉनचे 55-200 पुरे. जुने घ्याल तर उजेडासमोर धरा, आत बुरशी नाही ना बघा.

पण स्नेहसंमेलनात फसगत होते, बरं का! असले झूम लांब ताणले की छिद्र एफ 5.6 पेक्षा मोठे उघडत नाही. अंधाऱ्या मांडवात नाचणारी मुले पुसट येतात. तिथे 50 मिलिमीटर, एफ 1.8 चे साधे, स्वस्त भिंग नऊपटीहून जास्त उजेड घेते.

तेव्हा पाय पोचत नाहीत, तिथंच झूमला पैसा घाला. एरवी गिलसाहेबांसारखे चार पावले पुढे व्हा!