एसीच्या आउटडोअर युनिटची निगा कशी राखावी? उन्हाळा, वळीव आणि पूर सोसणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी माहिती

स्प्लिट एसीचे दोन भाग असतात. खोलीतला भाग रोज डोळ्यासमोर असल्याने त्याची जाळी अधूनमधून धुतली जाते. बाहेरचा भाग, म्हणजे आउटडोअर युनिट, गच्चीवर, डक्टमध्ये किंवा खिडकीबाहेरच्या स्टँडवर वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतो. एसीचा सगळ्यात महागडा भाग असलेला कॉम्प्रेसर मात्र तिथेच असतो आणि एसीची बहुतेक वीजही तिथेच खर्च होते.

कोल्हापुरात बहुतेक घरांमध्ये एसी मार्च ते मे या काळात नेमाने चालतो. जूनमध्ये पाऊस लागला की तो बंद होतो. उरलेले आठ-नऊ महिने युनिट नुसते उभे असते. धूळ, उसाच्या पाचटाची काजळी, पावसाचे पाणी, उंदीर आणि पारवे या काळात आपले काम करून जातात. त्यामुळे एसी किती तास चालला, याइतकेच तो बंद असताना युनिटचे काय झाले, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

आउटडोअर युनिट नेमके काय करते?

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. ही टाकण्याची जागा म्हणजे आउटडोअर युनिट. दीड टनाचा एसी खोलीतून सुमारे ५.२ किलोवॉट उष्णता काढतो. कॉम्प्रेसरला लागणारी दीड किलोवॉटच्या आसपासची वीजही शेवटी उष्णताच होते. म्हणजे बाहेरच्या युनिटला पावणेसात किलोवॉटच्या आसपास उष्णता हवेत सोडावी लागते. खोली गरम करणारे दोन किलोवॉटचे तीन हीटर एकदम लावले, तरी ते याहून कमीच भरतील.

युनिटच्या मागच्या आणि एका बाजूला तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर पातळ पट्ट्यांची जाळी असते. तिला कॉईल म्हणतात. पंखा या जाळीतून हवा ओढतो आणि समोरून गरम हवा बाहेर फेकतो. पट्ट्यांमध्ये धूळ अडकली की हवा कमी जाते, आतला दाब वाढतो आणि कॉम्प्रेसरला तेवढ्याच गारव्यासाठी जास्त जोर लावावा लागतो. परिणामी खोली उशिरा थंड होते आणि मीटर जास्त फिरतो. महावितरणच्या घरगुती दरात वापर वाढेल तसे वरच्या टप्प्यातील युनिट महाग पडते, त्यामुळे बिलातला फरक लगेच जाणवतो.

कोल्हापुरात जाळी कशाने भरते?

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगर या औद्योगिक भागांजवळ बारीक धूळ जास्त असते. ऊसतोडीच्या हंगामात शेतात पेटवलेल्या पाचटाची काळी काजळी वाऱ्याने घरांपर्यंत येते. हा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो, म्हणजे नेमका एसी बंद असतो तेव्हा. त्यावर वळवाचे चार थेंब पडले की काजळीचा चिकट थर बसतो. उन्हाळा सुरू होण्याआधी जाळी धुणे म्हणूनच सर्वांत फायद्याचे.

अपार्टमेंटच्या अरुंद डक्टमध्ये आणखी एक अडचण येते. चार-पाच युनिट एकमेकांसमोर असतील, तर एकाची गरम हवा दुसरे ओढते. अशा ठिकाणी धुऊनही गारवा कमीच राहत असेल, तर दोष जागेचा असू शकतो. युनिटच्या समोर आणि मागे किती मोकळी जागा हवी, हे कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. चोरीच्या भीतीने दाट जाळीचा पिंजरा बसवताना किंवा वर पत्रा टाकताना हे अंतर कायम ठेवावे.

घरी काय करता येते?

युनिट जमिनीवर किंवा गच्चीवर सुरक्षित उभे राहून हात पोहोचेल असे असेल, तरच घरच्यांनी हे काम करावे. खिडकीबाहेरच्या स्टँडवरचे किंवा सज्जाच्या कडेचे युनिट धुण्यासाठी वाकू नये. तो माणूस बोलवायचाच प्रसंग आहे.

• आधी एसी रिमोटने बंद करून त्याचा एमसीबी पाडावा. फक्त रिमोटने बंद केल्यावरही युनिटमध्ये वीज असू शकते.
• आजूबाजूचा पालापाचोळा, पिशव्या, पारव्यांची काटकी काढावी. घरट्यात अंडी किंवा पिल्ले असतील तर ती उडेपर्यंत थांबावे.
• मऊ ब्रशने पट्ट्यांच्या उभ्या दिशेने धूळ झाडावी. आडवे घासल्यास पट्ट्या वाकतात आणि हवेचा रस्ता बंद होतो.
• बागेच्या नळीने हलक्या धारेने जाळी धुवावी. गाडी धुण्याचे प्रेशर मशीन वापरू नये.
• वायर जोडलेल्या बाजूच्या झाकणावर पाणी मारू नये.
• पूर्ण वाळल्यावरच एमसीबी चालू करावा.

वरचे झाकण उघडणे हे घरचे काम नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही काही काळ धक्का देण्याइतकी वीज साठलेली असू शकते.

मेकॅनिकने काय तपासले पाहिजे?

"सर्व्हिसिंग" म्हणजे नुसते पाणी मारणे नव्हे. झाकण उघडून आतून बाहेर पाणी मारले, तर पट्ट्यांतली धूळ खरी निघते. त्याबरोबर वायरचे जोड घट्ट आहेत का, कुठे काळवंडले आहेत का, अर्थिंग लागते आहे का, कपॅसिटर फुगला आहे का आणि पंखा मोकळा फिरतो का, हे पाहावे. उंदरांनी वायर कुरतडली आहे का, सर्किट बोर्डवर मुंग्या किंवा पालीची विष्ठा आहे का, हेही पाहणे गरजेचे असते. स्टँडचे बोल्ट गंजले असतील तर तेव्हाच बदलावेत. दीड टनाच्या युनिटचे वजन सिमेंटच्या अर्ध्या पोत्यापेक्षा जास्त भरते. ते वरून खाली पडले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

दरवर्षी गॅस भरावा लागतो का?

नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. गॅस कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जातो आणि पैसे दुसऱ्यांदा जातात.

नळीच्या जोडाजवळ तेलकट डाग, बारीक नळीवर बर्फ किंवा तासभर चालूनही खोली गार न होणे, ही गळतीची लक्षणे असू शकतात. योग्य पद्धत अशी: साबणाच्या पाण्याने किंवा नायट्रोजन भरून गळती शोधणे, जोड दुरुस्त करणे, पंपाने व्हॅक्यूम करणे आणि युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरणे.

पट्टीवरचे गॅसचे नावही पाहावे. जुन्या एसीत आर-२२, त्यानंतरच्या अनेकांत आर-४१०ए आणि आता बहुतेक नव्या एसीत आर-३२ असतो. एकाच्या जागी दुसरा भरता येत नाही. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, त्यामुळे गॅस पूर्ण काढल्याशिवाय नळीवर ज्योत लावू नये. हवेत गेल्यावर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट उष्णता धरतो. म्हणून तो उघड्यावर सोडून देणेही चुकीचे.

वळीव आणि पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

एप्रिल-मेमध्ये ढग दाटून वीज कडाडू लागली की एसी बंद करून एमसीबी पाडणे चांगले. विजेचा दाब वर-खाली झाल्यास सर्किट बोर्ड आधी जळतो. पावसाने मात्र युनिट बिघडत नाही, ते उघड्यावर राहण्यासाठीच बनवलेले असते. पावसाळाभर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्यास आत ओल धरते, गंज चढतो आणि उंदरांना आयते घर मिळते. झाकायचेच असेल तर फक्त वरची बाजू झाकावी.

पुराचे पाणी युनिटपर्यंत आले तर?

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, दुधाळी, सुतारवाडा अशा भागांत ते घरादुकानांत शिरले.

इशारा पातळी ओलांडली की नदीकाठच्या आणि सखल भागातील घरांनी एसीचा एमसीबी पाडावा. पाणी ओसरल्यावर युनिट बाहेरून कोरडे दिसले तरी चालू करून पाहू नये. गाळ आणि ओल बोर्डवर, पंख्याच्या मोटारीत आणि कॉम्प्रेसरच्या वायरजोडांत राहते. बटण दाबताच शॉर्टसर्किट होऊ शकते आणि युनिटच्या पत्र्यात वीज उतरू शकते. विमा असेल तर धुण्याआधी फोटो काढावेत. मग मेकॅनिककडून गाळ धुऊन, भाग वाळवून, वायरिंगचे इन्सुलेशन मीटरने तपासून घ्यावे. बोर्ड अनेकदा बदलावा लागतो, पण गॅसच्या नळ्या बंद असल्याने कॉईल आणि कॉम्प्रेसर वाचण्याची शक्यता असते.

नवीन एसी बसवताना शेजारच्या भिंतीवरची २०१९ आणि २०२१ च्या पाण्याची खूण पाहावी आणि युनिट तिच्या वर घ्यावे. मात्र सर्व्हिसिंगसाठी माणूस तिथे सुरक्षित पोहोचेल, हेही तेव्हाच बघावे.

वर्षभराचे वेळापत्रक

• फेब्रुवारीअखेर: मेकॅनिककडून पूर्ण सर्व्हिसिंग. मार्चच्या गर्दीआधी वेळ सहज मिळते.
• एप्रिलअखेर: पोहोचता येत असेल तर घरच्या घरी हलकी धुलाई.
• जूनच्या सुरुवातीला: स्टँड, बोल्ट, भिंतीतील नळीचे भोक आणि नळीवरचे फोम पाहणे, नंतर एमसीबी पाडून ठेवणे.
• ऑक्टोबर ते जानेवारी: महिन्यातून एकदा घरटे, उंदीर आणि काजळी यांच्यासाठी नजर टाकणे.